सुरांतून परतफेड

टॅफ नदीच्या खोऱ्यात, मर्थिर टिडफिल शहरापासून सहा-सात किलोमीटरवर अबरव्हॅन नावाचं गाव आहे. साउथ वेल्समध्ये अशी गावं खोऱ्याखोऱ्यांतून भेटतात. डोंगरउताराला बिलगून उभ्या असलेल्या घरांच्या लांबच लांब ओळी, दोन-तीन चॅपेल, एखादा पब आणि एके काळी गावाला पोसणारी कोळशाची खाण. अबरव्हॅनच्या शेजारची मर्थिर व्हेल खाण १९८९ मध्ये बंद झाली. गावातला पुरुषांचा गायकवृंद मात्र अजून गातो आहे. ‘अनिसोवेन मेल क्वायर’ हे त्याचं नाव. कधी एखाद्या रुग्णसेवेसाठी, कधी मुलांच्या संस्थेसाठी, तर कधी परगावच्या चॅपेलच्या गळक्या छपरासाठी हे लोक गातात आणि जमलेला पैसा ज्याच्यासाठी गायले त्याच्या हवाली करून घरी जातात.

वेल्समध्ये यात नवल वाटण्यासारखं काही नाही. तिथे पुरुषांचे गायकवृंद गावोगावी आहेत आणि त्यांतले बहुतेक धर्मादाय कामासाठी गातात. पण अनिसोवेनच्या वृंदाच्या जन्माची हकिगत निराळी आहे. वेल्समध्ये गाणं आणि मदत यांची सांगड किती खोलवर बसली आहे, हे त्या हकिगतीवरून कळतं.

अबरव्हॅनच्या वरच्या डोंगरावर खाणीतला टाकाऊ माल वर्षानुवर्षं ओतला जात होता. दगड, राख, कोळशाचा चुरा, चिखल. त्याचे एकेक करत सात ढिगारे झाले. सातवा ढिगारा १९५८ मध्ये रचायला घेतला, तो नेमका झऱ्यांवर. पाणी आतल्या आत मुरत राहिलं. ढिगाऱ्याच्या बरोबर खाली पँटग्लास प्राथमिक शाळा होती. धोका कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या या चिखलापासून धोका असल्याचं स्थानिक प्रशासनाच्या अभियंत्यानं १९६३ मध्येच लेखी कळवलं होतं. कागद फायलीत राहिला आणि ढिगारा वाढत गेला.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सहामाही सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस. सकाळी सव्वानऊच्या सुमारास सातवा ढिगारा सुटला आणि काळ्या चिखलाचा लोंढा शाळेवर आणि शेजारच्या घरांवर येऊन आदळला. १४४ जण गेले. त्यांतली ११६ मुलं होती, बहुतेक सात ते दहा वर्षांची. खाणीत काम करणारे बाप फावडी घेऊन वर आले आणि स्वतःच्याच मुलांना उकरू लागले. मधूनच शिट्टी वाजे. मग शेकडो माणसं जागच्या जागी थांबत आणि चिखलाखालून एखादी हाक येते का, याचा कानोसा घेत. सकाळी अकरानंतर एकही जण जिवंत सापडला नाही. बेथानिया चॅपेलमध्ये मृतदेह ओळखण्यासाठी ठेवले गेले. २७ ऑक्टोबरला डोंगरावरच्या दफनभूमीत ८१ मुलांना आणि एका स्त्रीला एकत्र निरोप देण्यात आला. जमलेल्या हजारो माणसांनी चार्ल्स वेस्ली यांचं एक जुनं स्तोत्र म्हटलं. वेल्समध्ये हे स्तोत्र जोसेफ पॅरी यांच्या ‘अ‍ॅबरिस्टविथ’ या चालीवर म्हणायची रीत आहे. हे पॅरी जन्मले जवळच्याच मर्थिरमध्ये आणि नवव्या वर्षी खाणीत कामाला लागले.

दुर्घटनेची दृश्यं टीव्हीवर घराघरांत पोहोचली आणि जगभरातून पैसा येऊ लागला. चाळीसहून अधिक देशांतून सुमारे ९० हजार देणग्या आल्या आणि साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास निधी जमला. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती.

पैसा आला, पण न्याय आला नाही. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या चौकशी आयोगानं ७६ दिवस साक्षी-पुरावे ऐकले आणि १९६७ च्या अहवालात सरकारी मालकीच्या ‘नॅशनल कोल बोर्ड’वर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. तरीही कुणाची नोकरी गेली नाही, कुणावर खटला झाला नाही. बोर्डानं एका मुलामागे ५०० पौंड भरपाई दिली. देणग्यांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयोगाचा सल्ला तर कहर होता. मदतीची रक्कम देण्याआधी आईबापांचा त्या मुलावर कितपत जीव होता, हे तपासून पाहावं, असा विचार तिथे झाला होता. गावावर लटकलेले उरलेले ढिगारे हटवावेत म्हणून लोकांना कार्डिफच्या सरकारी कार्यालयात जाऊन खाणीचा चिखल ओतावा लागला. अखेर ढिगारे हटवायचं ठरलं आणि त्या खर्चासाठी सरकारनं मदतनिधीतूनच दीड लाख पौंड उचलले. म्हणजे लोकांनी मृत मुलांच्या नावानं दिलेल्या पैशांतून हे ढिगारे साफ झाले. ही रक्कम १९९७ मध्ये परत मिळाली, तीही बिनव्याजी. २००७ मध्ये वेल्सच्या सरकारनं गावातल्या संस्थांना एकूण २० लाख पौंड दिले, तेव्हा कुठे तो हिशेब मिटला.

या सगळ्या काळात गाव एकत्र येत होतं. सभा, समित्या, शिष्टमंडळं चालूच होती. आयांनी ‘यंग वाइव्ह्ज क्लब’ काढला. आठवड्यातून एकदा भेटायचं, एखाद्या वक्त्याला बोलवायचं, सहलीला जायचं आणि रडू आलं तर एकमेकींपाशी रडायचं. पुरुषांना असं बसून बोलणं जमत नव्हतं. दिवसभर कोळसा फोडणाऱ्या माणसाला मनातलं बोलायची सवय नसते. मुलं गमावलेले बाप, चिखल उपसायला उतरलेले कामगार, शेजारीपाजारी असे सगळे एकत्र येत होते आणि त्यांच्यातूनच वृंद उभा राहिला. गाण्यात बोलावं लागत नाही, पण शेजारच्याच्या श्वासाशी श्वास मात्र जुळवावा लागतो. वृंदाचं धोरणही तिथेच ठरलं. जगानं आपल्या गावाला इतकं दिलं, आता आपल्यापाशी आवाज आहे, तर त्यातून इतरांना द्यायचं. गेली पन्नासहून अधिक वर्षं हा नेम चालू आहे.

पण गाणंच का? दुःखात बुडालेल्या खाणकामगारांना पहिल्यांदा सुचलं ते चौपदरी वृंदगान, असं कसं? त्यासाठी आणखी शंभर वर्षं मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकात साउथ वेल्सच्या खोऱ्यांत कोळसा आणि लोखंडासाठी माणसांची रीघ लागली. १९१३ साली इथल्या खाणींतून पाच कोटी साठ लाख टनांहून अधिक कोळसा निघाला आणि सव्वादोन लाखांवर माणसं खाणींत राबत होती. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेल्या या माणसांना धरून ठेवलं चॅपेलनी. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या या पंथांमध्ये मूर्ती नाहीत, थाटमाट नाही, दारूला थारा नाही. तिथे होतं प्रवचन आणि गाणं. इवान ग्विल्ट या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जॉन रॉबर्ट्स यांनी १८५९ मध्ये सामूहिक गायनासाठी स्तोत्रांच्या चालींचं पुस्तक काढलं आणि त्यानंतर ‘कमान्वा गानी’ची प्रथा रुजली. आसपासच्या चॅपेलांतली सगळी मंडळी एका ठिकाणी जमून दिवसभर चार आवाजांत स्तोत्रं म्हणत. हा श्रोत्यांचा कार्यक्रम नव्हता. जो येई तो गाई.

पण ज्याला अक्षरओळख जेमतेम, त्याला चार आवाजांची गुंतागुंत शिकवायची कशी? पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीला पियानो हवा, मास्तर हवा आणि वेळही हवा. त्यावर तोडगा निघाला ‘टॉनिक सोल्फा’. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या कल्पनेवरून जॉन करवेन या धर्मोपदेशकानं ती पद्धत घडवली. डो, रे, मी, फा, सो, ला, टी यांची पहिली अक्षरं आडव्या ओळीत छापायची, मात्रा टिंबांनी आणि उभ्या रेघांनी दाखवायच्या. यातला ‘डो’ एका जागी बांधलेला नसतो. ज्याच्या गळ्याला जो सूर सोयीचा, तिथे तो धरायचा. सरगम शिकलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको, कारण आपला षड्जही असाच हवा तिथे बसतो. वेल्सच्या खोऱ्यांत सोल्फाचे वर्ग जोरात होते, त्याच सुमारास विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म झाला. पुढे त्या दोघांनी अक्षरांवर आधारलेल्या स्वरलिपी घडवून आपलं संगीत छापील पानावर आणलं.

सोल्फाची ही विद्या भारतातही पोहोचली. वेल्श मिशनरी टॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजीला आले आणि पुढच्या काळात त्यांच्या मिशननं खासी टेकड्यांत आणि मिझोराममध्ये चर्चबरोबर सोल्फाही रुजवलं. मेघालय-मिझोरामच्या चर्चमधून आज जे भरदार वृंदगान ऐकू येतं, त्याचं एक मूळ वेल्सच्या खाणगावांत आहे.

खाण, चॅपेल आणि सोल्फा या तिन्हींच्या संगमातून पुरुषांचे गायकवृंद निघाले. सुरुवात बहुधा पैजेसारखी होई. ‘आइस्तेद्वोद’ म्हणजे काव्य-संगीताच्या स्पर्धा. त्या गावच्या पबपासून राष्ट्रीय मेळाव्यापर्यंत सगळीकडे भरत. ऱ्होंदा खोऱ्यातल्या ट्रेऑर्की गावी १८८३ मध्ये ‘रेड काउ’ हॉटेलातल्या अशाच एका स्पर्धेत काही तरुणांनी एक पौंडाचं बक्षीस मारलं. त्यातून पुढे ‘ट्रेऑर्की मेल क्वायर’ उभा राहिला. १८९५ मध्ये या खाणकामगारांनी विंडसर कॅसलमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गाणं सादर केलं. त्याच वर्षी स्वान्सीजवळ डनव्हँटचा वृंद सुरू झाला आणि तो आजही गातो आहे. स्वान्सीकडचाच ‘मॉरिस्टन ऑर्फियस’ १९३५ चा.

या वृंदांची बैठक ठरलेली असते. चार गट: पहिले टेनर, दुसरे टेनर, बॅरिटोन आणि दुसरे बेस. पहिले टेनर उंच स्वरांत भिडतात, दुसरे बेस तळाशी जमीन धरून ठेवतात आणि मधले दोन गट भरणा करतात. सरावाच्या हॉलमध्ये खुर्च्याही याच क्रमानं मांडलेल्या असतात. नव्या माणसाला आपल्या गटातल्या जुन्याजाणत्याच्या शेजारी बसवतात, म्हणजे कान तयार होतो. कार्यक्रमात बहुतेक वृंद कागद हातात धरत नाहीत, सगळं पाठ. ज्यांना वेल्श येत नाही असेही अनेक सदस्य असतात. तेही वेल्श गाण्याचे उच्चार घोकून घोकून पक्के करतात आणि डोळे मात्र सतत संचालकाच्या हातावर ठेवतात. संचालक आणि पियानोवादक हे बहुधा मानधनावर असतात आणि कित्येक ठिकाणी त्या स्त्रिया असतात. बाकी सगळे हौशी. उलट तेच वृंदाला वर्गणी देतात.

आता धर्मादायाकडे. पाश्चात्त्य वृंदगानाला दानाची सवय फार जुनी. संगीतकार हँडलचा ‘मसाया’ हा वृंदगानाचा प्रबंध पहिल्यांदा डब्लिनमध्ये १३ एप्रिल १७४२ रोजी झाला, तोच मदतीसाठी. उत्पन्न तुरुंगात खितपत पडलेल्या कर्जदारांसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी होतं. जागा अपुरी पडू नये म्हणून बायकांनी झग्याखालचे घेरदार सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंती आधीच छापून आली होती. जमलेल्या पैशांतून १४२ कर्जदार सुटले. पुढे हँडलनं लंडनच्या ‘फाउंडलिंग हॉस्पिटल’ या अनाथ मुलांच्या संस्थेसाठी ‘मसाया’ वर्षानुवर्षं केला. वेल्सच्या चॅपेलांनीही ‘मसाया’ आपलासा केला आणि नाताळच्या आसपास तो गाणं हा कित्येक गावांचा नेम झाला.

खाणगावांत मात्र मदत म्हणजे परक्याला दिलेलं दान नव्हतं, आपल्याच माणसासाठीची सोय होती. विमा नाही, पेन्शन नाही, सरकारी दवाखाना नाही, अशा काळात पाय चिरडलेल्या कामगाराच्या घरी चूल कशी पेटणार? वृंद एखाद्या शनिवारी चॅपेलमध्ये गाई आणि आलेले पैसे त्या घरी जात. मोठ्या अपघातांत सारं खोरंच हादरे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी सेंगेनिड खाणीच्या स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. ब्रिटनच्या इतिहासातला हा सगळ्यात भीषण खाण-अपघात.

मग मंदी आली. १९२४ मध्ये ऱ्होंदाच्या धाकट्या खोऱ्यात ‘पेंडरस मेल क्वायर’ निघाला. त्यातल्या कित्येक गायकांना काम नव्हतं. १९२६ मध्ये खाणमालकांनी मजुरी कमी करून टाळेबंदी केली आणि खाणकामगारांचा संप महिनोन् महिने चालला. त्या काळात वृंद आणि बँडवाले झोळी घेऊन बाहेर पडले. शहरांच्या रस्त्यांवर गायचं आणि जमलेले पैसे गावच्या सामुदायिक स्वयंपाकघरात पाठवायचे. गाणं आता पोटाचा प्रश्न झालं होतं.

अशाच गाणाऱ्या बेकार खाणकामगारांचा एक जथा लंडनच्या रस्त्यावर पॉल रोबसन या अमेरिकन कृष्णवर्णीय गायक-नटाच्या कानी पडला. साल १९२९. रोबसन त्यांच्याबरोबर चालू लागले आणि तिथून जडलेला वेल्सचा स्नेह आयुष्यभर टिकला. १९४० च्या ‘द प्राउड व्हॅली’ चित्रपटात त्यांनी वेल्श खाणकामगारांत मिसळलेल्या एका परदेशी खलाशाचं काम केलं. अमेरिकी सरकारनं त्यांचा पासपोर्ट काढून घेतला होता, तेव्हा १९५७ मध्ये वेल्सच्या खाणकामगारांनी अजब युक्ती केली. पोर्थकॉल इथल्या त्यांच्या आइस्तेद्वोदमध्ये रोबसन न्यूयॉर्कहून समुद्राखालच्या टेलिफोन तारेवरून गायले आणि सभागृहातून ट्रेऑर्कीच्या वृंदानं त्यांना गाऊनच उत्तर दिलं.

१९८४-८५ च्या वर्षभराच्या संपात हीच परंपरा पुन्हा उभी राहिली. संपावरच्या कामगारांनी ‘साउथ वेल्स स्ट्रायकिंग मायनर्स क्वायर’ काढला आणि १९८५ मध्ये लंडनच्या ‘टेस्ट डेप्ट’ या प्रयोगशील, लोखंडी पत्रे-पाइप बडवून वाजवणाऱ्या गटाबरोबर तबकडीही केली. खोऱ्यातली स्तोत्रं आणि कारखान्याचा खणखणाट एकाच तबकडीवर आला. संप हरला आणि खाणी भराभर बंद पडल्या. कार्डिफमध्ये १९८३ पासून गाणारा ‘कोर कोखियोन’ हा डाव्या विचारांचा मिश्र वृंद मात्र रस्त्यावर उभा राहून निरनिराळ्या लढ्यांसाठी पैसे गोळा करत राहिला.

वेल्समधली शेवटची मोठी खोल खाण ‘टॉवर’. ती १९९५ मध्ये कामगारांनीच प्रत्येकी आठ हजार पौंड घालून विकत घेतली आणि २००८ पर्यंत चालवली. आज वृंदांत खाणकामगार शोधावे लागतात. निवृत्त शिक्षक, बसचालक, पोस्टमन, बँकवाले, पोलीस हे आता ब्लेझर घालून उभे असतात. पण आर्थिक व्यवहाराची रीत बदललेली नाही.

ती रीत कशी चालते, हे साध्या हिशेबानं समजून घेता येईल. समजा, एका गावच्या लोकांना हवाई रुग्णवाहिकेसाठी पैसे उभारायचे आहेत. ‘वेल्स एअर ॲम्ब्युलन्स’ ही सेवा १ मार्च २००१ रोजी, वेल्सच्या संरक्षक संतांच्या दिवशी सुरू झाली आणि ती प्रामुख्यानं लोकांच्या देणग्यांवर उडते. आयोजक एखादं चॅपेल घेतात, तीनशे खुर्च्या भरतात, तिकीट दहा पौंड ठेवतात. तीन हजार पौंड तिथेच झाले. वृंद आला तर बसभाडं घेतो, फार तर थोडं मानधन. मध्यंतरात चहा-केक आणि लकी ड्रॉ. बक्षिसं म्हणजे गावच्या खाटकानं दिलेलं मांस, कुणीतरी दिलेली वाइनची बाटली, चॉकलेटचा डबा. त्यातून आणखी काही शे पौंड सुटतात. दारातल्या डब्यात पडणारे पैसे वेगळे. इंग्लंड-वेल्समधल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला करदात्यानं एक पौंडाची देणगी दिली, तर ‘गिफ्ट एड’ योजनेत सरकारकडून त्यावर आणखी २५ पेन्स मागता येतात. लकी ड्रॉच्या तिकिटांना मात्र ही सवलत नाही. म्हणून हुशार खजिनदार देणगीचं पाकीट वेगळं ठेवतो आणि त्यावर नाव-पत्ता लिहून घ्यायला विसरत नाही.

वृंदाच्या कारभारात अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतातच. शिवाय ‘लायब्ररियन’ नावाचं महत्त्वाचं पद असतं. शेकडो गाण्यांच्या प्रतींचे गठ्ठे सांभाळणं, सरावाच्या दिवशी वाटणं आणि परत मोजून घेणं हे त्याचं काम. स्वयंसेवी संस्था चालवलेल्या कुणालाही हे सारं ओळखीचं वाटेल. वर्गणी थकवणारे, बैठकीत वाद घालणारे आणि तरीही कार्यक्रमाला वेळेआधी हजर असणारे लोक तिथेही आहेत. कार्यक्रम संपला की पबमध्ये दुसरी मैफल रंगते. तिथे संचालक नसतो आणि गाणं आणखी मोकळं होतं.

गाण्याचा फायदा ऐकणाऱ्यांइतकाच गाणाऱ्यांनाही होतो, असं आता मोजमाप करून दिसू लागलं आहे. ‘टेनोव्हस कॅन्सर केअर’ ही वेल्समधली संस्था कर्करुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसाठी वृंद चालवते. तिथे परीक्षा नाही, स्वरलिपी येण्याची अट नाही. २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संशोधकांनी या संस्थेबरोबर पाच वृंदांतल्या १९३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत रुग्ण होते, शुश्रूषा करणारे होते आणि आपलं माणूस गमावलेलेही होते. गाण्याआधी आणि तासाभराच्या गाण्यानंतर त्यांच्या लाळेचे नमुने तपासले, तेव्हा कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक घटलेलं दिसलं आणि मनःस्थिती सुधारलेली आढळली. यानं कर्करोग बरा होतो असं कुणी म्हटलेलं नाही. पण आजारपणातला आठवड्याचा एक तास सुसह्य होतो, हेही थोडं नाही. अबरव्हॅनच्या बापांना हे कुठल्याही तपासणीशिवाय कळलं होतं.

अडचणीही आहेत. बहुतेक जुन्या वृंदांत पांढरे केस जास्त दिसतात. चॅपेल ओस पडल्यानं मुलांच्या कानावर चार आवाजांतलं गाणं पडत नाही. पहिले टेनर मिळणं सगळ्यात अवघड, कारण वय वाढलं की आवाजाची उंची आधी जाते. काही वृंद बंद झाले, काही शेजारच्यांत मिसळले. दुसऱ्या बाजूनं नवे प्रयत्नही चालू आहेत. २००८ मध्ये बीबीसीची ‘लास्ट क्वायर स्टँडिंग’ स्पर्धा जिंकणाऱ्या ‘ओन्ली मेन अलाउड’चे संस्थापक टिम रिस-एव्हान्स यांनी २०१० मध्ये खोऱ्यांतल्या किशोरवयीन मुलांसाठी ‘ओन्ली बॉइज अलाउड’ सुरू केला. यात प्रवेशासाठी चाचणी नाही आणि फीही नाही. बेकारी आणि कंटाळ्यानं ग्रासलेल्या गावांतल्या मुलांना हातात हात घालून गायला लावणं, हेच इथलं समाजकार्य.

अबरव्हॅनसाठीही नवं संगीत लिहिलं गेलं. दुर्घटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, कार्डिफच्या वेल्स मिलेनियम सेंटरमध्ये संगीतकार कार्ल जेन्किन्स यांची ‘कँटाटा मेमोरिया’ पहिल्यांदा सादर झाली. शब्द वेल्श कवयित्री मेरेरिद हॉपवूड यांचे. या रचनेत मुलांचा वृंद आहे आणि तिचा शेवट उजेडाकडे नेणारा आहे.

मराठी माणसं हल्ली ब्रिटनला मोठ्या संख्येनं जातात. कुणी शिकायला, कुणी नोकरीला, कुणी मुलांकडे. कार्डिफपर्यंत गेलात तर किल्ला आणि खाडी पाहून परत फिरू नका. बहुतेक पुरुष-वृंद सरावाला पाहुण्यांना येऊ देतात, फक्त आधी सचिवांना कळवावं लागतं. लंडनमध्येच असाल, तरी १९०२ मध्ये स्थापन झालेल्या लंडन वेल्श वृंदाचा सराव ग्रेज इन रोडवरच्या लंडन वेल्श सेंटरमध्ये असतो. सरावाला तिकीट नसतं. दाराशी डबा असेल तर त्यात काहीतरी टाका आणि हे पैसे यंदा कुणासाठी जमवताय, एवढं विचारायला विसरू नका.